बाबांची जुनी जीटीआय : विकावी, रंगवावी की ठेवावी?

प्रश्न : स.न.वि.वि. माझे वडील नोकरीनिमित्त युरोपात स्थायिक झाले. तिथे 1989 मध्ये त्यांनी प्यूजो या फ्रेंच कंपनीची 205 जीटीआय ही छोटी, वेगवान हॅचबॅक घेतली, 1.9 लिटरची, लाल. मधल्या काळात त्यांनी तिची चाकं आणि स्टिअरिंग बदललं, पण गाडी कधी विकली नाही. गेल्या वर्षी बाबा गेले. गाडी दहा-बारा वर्षं गॅरेजमध्ये कापडाखाली उभी आहे. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारे एक गृहस्थ ती पाहून गेले. "आहे तशी उचलतो, रोख देतो, पण आठवड्याच्या आत कळवा," असं म्हणाले. दादाच्या मते विकून मोकळं व्हावं. त्याचा एक मित्र म्हणतो, नवा रंग मारा, इंजिन चालू करा, दुप्पट पैसे येतील. मला ती द्यावीशी वाटत नाही, पण मला गाड्यांतलं काही कळत नाही आणि ती सडवायचीही नाही. आई म्हणते, तुम्ही दोघं ठरवा. एवढ्याशा हॅचबॅकला इतकी मागणी का? किंमत अजून वाढेल का? आम्ही काय करावं?

उत्तर : आधी त्या आठवड्याच्या मुदतीबद्दल. ती विसरा. जी गाडी बारा वर्षं एका जागी उभी आहे, ती आणखी तीन महिने उभी राहिल्याने तुमचं काहीही बिघडणार नाही. घाई आहे ती घेणाऱ्याला, कारण तुम्ही दुसऱ्या कोणाला विचारण्याआधी त्याला व्यवहार उरकायचा आहे. गृहस्थ प्रामाणिक असतील तर महिन्याने फोन केलात तरी ते येतील.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तूर्त त्या गाडीला कोणालाही हात लावू देऊ नका. रंग नको, पॉलिश नको, इंजिन धुणं नको आणि बॅटरी जोडून किल्ली फिरवणं तर मुळीच नको. दादाच्या मित्राचा हेतू चांगला असेल, पण त्याचा सल्ला मोडीत काढायच्या गाडीला ठीक, तुमच्या गाडीला नाही. हे का म्हणतो ते कळायला तुमच्या 'एवढी मागणी का' या प्रश्नापासून सुरुवात करावी लागेल.

वेगवान सेडान आणि हॅचबॅक यांच्या दुर्मिळपणाचे दोन प्रकार आहेत. पहिला जन्मजात. 1986 मधल्या जीवघेण्या अपघातांनंतर रॅलीतला सर्वात वेगवान गाड्यांचा 'ग्रुप बी' हा गट बंद झाला आणि स्पर्धा 'ग्रुप ए'कडे, म्हणजे बाजारात विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या गटाकडे वळली. या गटाचा नियम असा होता, की जी गाडी शर्यतीत उतरवायची तिच्या बारा महिन्यांत 5,000 प्रती बनवायच्या. म्हणून कंपन्यांनी शर्यतीची गाडी नंबरप्लेट लावून सामान्य गिऱ्हाइकाला विकली. फोर्डची तीन दारांची सिएरा आरएस कॉसवर्थ अशीच जन्मली आणि तिच्यातून निवडलेल्या फक्त 500 गाड्या पुढे आरएस 500 झाल्या. मर्सिडीझ 190 ई च्या 'इव्होल्यूशन' आवृत्त्या दोन, प्रत्येकी 502 गाड्या. बीएमडब्ल्यूची पहिली एम 3 आणि लॅन्चिया डेल्टा इंटिग्राले याच नियमाच्या लेकी. 1987 ते 1992 अशी सलग सहा वर्षं डेल्टाने लॅन्चियाला जागतिक रॅलीत उत्पादकांचं विजेतेपद मिळवून दिलं. शर्यतीशी संबंध नसलेलीही उदाहरणं आहेत. लोटस या ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपनीने ओपेल ओमेगा आणि व्हॉक्सहॉल कार्ल्टन या घरगुती सेडानमध्ये दोन टर्बोंचं 3.6 लिटरचं, 377 अश्वशक्तीचं इंजिन बसवलं. एवढ्या वेगाची चार दारांची गाडी रस्त्यावर येऊच देऊ नये, अशी मागणी ब्रिटनमध्ये तेव्हा उघडपणे झाली होती. 1,100 बनवायचा बेत होता, 950 झाल्या.

तुमची 205 या प्रकारातली नाही. जीटीआय भरपूर बनल्या, भरपूर खपल्या. तिचा दुर्मिळपणा दुसऱ्या प्रकारचा आहे, वापरून संपल्याने आलेला, आणि माझ्या मते तो पहिल्याहून जास्त विचार करण्यासारखा आहे.

या गाड्या नव्या असताना सुखवस्तू माणसाने घेतल्या. पाच वर्षांनी दुसऱ्याने, दहा वर्षांनी तिसऱ्याने, आणि पंधराव्या वर्षी त्या इतक्या स्वस्त झाल्या की नुकताच परवाना मिळालेल्या मुलाच्या हाती गेल्या. 900 किलोच्या आतबाहेर वजन, 130 अश्वशक्ती, ना एबीएस ना कुठला इलेक्ट्रॉनिक आधार. भर वळणात घाबरून पाय ॲक्सिलरेटरवरून एकदम उचलला की 205 ची मागची बाजू फिरते, हा तिचा स्वभाव जगजाहीर आहे. कित्येक अशाच गेल्या. कित्येक चोरीला गेल्या. सिएरा कॉसवर्थ तर इतक्या चोरल्या जात की ब्रिटनमध्ये विम्याचा हप्ता परवडेना म्हणून लोकांनी त्या सोडल्या. काही गंजल्या. काहींची इंजिनं काढून दुसऱ्या गाड्यांत बसवली. 2009 मध्ये युरोपातल्या अनेक सरकारांनी जुनी गाडी मोडीत देणाऱ्याला अनुदान दिलं, त्यात आणखी काही गेल्या. एक काळ असा होता की नुसता क्लच बदलायचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळपास जायचा. तेव्हा शहाण्या माणसाने गाडी तोडून सुटे भाग विकले, आणि त्या दिवशीच्या हिशोबाने त्याचं बरोबरच होतं.

जे उरलं त्यातल्या बहुतेक गाड्यांवर मालकांनी हौस भागवून घेतली. खाली बसवलेलं सस्पेन्शन, रुंद चाकं, बदललेला एक्झॉस्ट, कापलेला डॅशबोर्ड. त्यामुळे आज प्रश्न 'किती जीटीआय उरल्या' एवढाच नाही. कारखान्यातून जशी निघाली तशी, पहिल्यापासून एकाच घरात, कागदांसह किती उरल्या, हा खरा प्रश्न आहे. बदललेली चाकं आणि स्टिअरिंग सोडलं, तर तुमच्या गॅरेजमध्ये बहुधा तशी एक आहे.

म्हणून रंगाला माझा इतका विरोध आहे. ताजा रंग पाहिला की जाणकार खरेदीदार खूश होत नाही, त्याला शंका येते. खाली काय लपवलंय, कुठे ठोकली होती, पत्रा कुठे बदललाय? उलट, 1989 चा फिकट झालेला लाल रंग, त्यावरचे दोन-चार ओरखडे, दाराच्या कडेची घासट हे सगळं त्या गाडीच्या बाजूने साक्ष देतं. रंग नंतर कधीही मारता येतो. एकदा खरवडलेला मूळ रंग मात्र परत आणता येत नाही. जाणकाराने गाडी पाहून 'हिला रंगाची गरज आहे' असं म्हटलं तर वेगळी गोष्ट. पण तो निर्णय त्याच्यानंतरचा.

आता उद्यापासून काय करायचं ते सांगतो. गाडी राहू द्या, आधी घर शोधा.

बाबांनी चाकं बदलली असं तुम्ही लिहिलंय. मग मूळ चाकं कुठे आहेत? 1.9 ला 15 इंची ॲलॉय चाकं येत. ज्या माणसाने गाडी इतकी वर्षं विकली नाही, त्याने चाकं फेकून दिली असतील असं मला वाटत नाही. माळा, गॅरेजचा कोपरा, एखाद्या नातेवाइकाचं तळघर, सगळीकडे बघा. मूळ स्टिअरिंग शोधा. दुसरी किल्ली, जॅक, हँडबुक, सर्व्हिसच्या शिक्क्यांची वही, विकत घेतल्याची पावती, टायरच्या आणि तेलाच्या पावत्या, विम्याचे जुने कागद, वार्षिक तपासणीचे दाखले हेही. किलोमीटरचा आकडा ज्या कागदावर आहे तो प्रत्येक कागद मोलाचा, कारण मीटर खरं बोलतंय हे त्याच्याशिवाय सिद्ध होत नाही. जुन्या अल्बममध्ये गाडीसोबतचे फोटो असतील, तेही काढा. सगळं तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा. दोन शनिवार-रविवारचं काम आहे आणि त्याने जेवढी किंमत वाढेल तेवढी कुठल्याही रंगाऱ्याकडून वाढणार नाही.

गाडीमागच्या कहाणीचं वजन किती असतं याचं टोकाचं उदाहरण देतो. 1980 च्या दशकात राजकन्या डायाना एक काळी फोर्ड एस्कॉर्ट आरएस टर्बो स्वतः चालवत असे. 2022 मध्ये लिलावात त्या हॅचबॅकवर साडेसहा लाख पौंडांना हातोडा पडला. तो भाव त्या नावाचा आहे, एस्कॉर्टचा नाही, आणि तुमच्या गाडीला त्याच्या जवळपासही काही मिळणार नाही. पण तत्त्व तेच आहे. पहिल्या मालकापासून अखंड, कागदोपत्री शाबीत होणारी हकीगत लोक विकत घेतात.

कागद झाले की गाडीकडे वळा, फक्त पाहण्यासाठी. कापड काढा, दिवसाउजेडी सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. काचांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत कंपनीची खूण आणि वर्षाचा संकेत छापलेला असतो. सगळ्या काचा एकाच सुमाराच्या असतील तर मोठा अपघात झाला नसावा, असा तो एक पुरावा. बॉनेटखालच्या पाटीवरचा चॅसिस नंबर नोंदणीच्या कागदाशी अक्षर न् अक्षर जुळवा. मग गाडीच्या मागे चार पावलं जाऊन खाली बसा आणि मागची चाकं बघा. चाकांचा वरचा भाग आत कललेला दिसतोय का? या गाडीचं हे जुनं दुखणं. मागच्या ॲक्सलच्या नळीत सुईसारख्या बारीक रोलरांचे बेअरिंग असतात. सील सुकले की पाणी शिरतं, बेअरिंग झिजतात आणि चाकं आत झुकतात. दिसलं तर घाबरू नका, नव्याने बांधलेले ॲक्सल मिळतात. पण कोणी तेवढ्यावरून भाव पाडायला लागला तर ही दुरुस्ती नेहमीची आहे हे तुम्हाला ठाऊक असलेलं बरं. दारांखालची पट्टी, डिकीचा तळ आणि स्टेपनीची जागा इथे गंज आहे का तेही पाहा. गंज हाच खरा शत्रू, बाकी यंत्राचं सगळं दुरुस्त होतं.

किल्ली का फिरवायची नाही? दहा-बारा वर्षं उभ्या गाडीतलं पेट्रोल बिघडून चिकट होतं आणि इंजेक्टर तुंबवतं. सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात. आणि इंजिनातले व्हॉल्व्ह पिस्टनशी जुळवून चालवणारा टायमिंग बेल्ट रबराचा आहे. तो नुसत्या उभ्याउभ्याही कडक होतो आणि पहिल्याच फिरवण्यात तुटू शकतो. तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि चांगलं इंजिन दोन सेकंदांत उघडायला लागतं. जाणकार मेकॅनिक आधी टाकी रिकामी करेल, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडेल, इंजिन हाताने, पान्याने फिरवून बघेल, बेल्ट बदलेल, ब्रेकचं द्रव काढून नवं भरेल, अडकलेले ब्रेक सोडवेल. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी संसार थाटला आहे का तेही पाहील. किल्लीची पाळी त्यानंतर येते. असा माणूस 205 च्या मालकांच्या क्लबमधून शोधा. युरोपात या गाडीचे क्लब आहेत आणि तिथे वर्षानुवर्षं याच एका गाडीवर काम केलेली माणसं भेटतात. आधुनिक गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊ नका. तिथल्या मुलांनी असं इंजिन कदाचित पाहिलंही नसेल.

किंमत ठरवण्यासाठी त्या व्यापाऱ्याचा आकडा किंवा जाहिरातींतले आकडे धरू नका. जाहिरातीतला आकडा ही विकणाऱ्याची इच्छा असते. लिलावघरांचे निकाल सगळ्यांना पाहता येतात, त्यात प्रत्यक्ष मिळालेली रक्कम असते. आपल्या गाडीसारखी, म्हणजे 1.9 ची, मूळ अवस्थेतली, एका मालकाची आणि बराच काळ उभी असलेली गाडी काय भावाने गेली ते शोधा. चकचकीत, चालत्या गाडीचा भाव आपला समजू नका. शिवाय ज्याला गाडी विकत घ्यायची नाही अशा माणसाकडून लेखी मूल्यांकन करून घ्या. ते विम्यालाही लागेल. आणि विमा आता लगेच काढा, आग आणि चोरीचा तरी. क्लासिक गाड्यांसाठी ठरीव रकमेचा विमा मिळतो, त्यात नुकसान झालं तर आधी मान्य केलेली रक्कम देतात. साध्या पॉलिसीत '1989 ची हॅचबॅक' म्हणून हातावर काय ठेवतील सांगता येत नाही.

अजून वाढेल का, हे विचारलंत. भाव का वाढले ते सांगू शकतो. पुढचा आकडा कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पंधराव्या वर्षी ज्या मुलांनी या गाड्यांची चित्रं भिंतीवर लावली, त्यांच्या हाती पन्नाशीत पैसा आला. त्याच सुमाराला नव्या गाड्या जड, रुंद आणि संगणकाच्या ताब्यातल्या झाल्या. अपघात आणि प्रदूषणाचे आजचे नियम पाळून 900 किलोची, हातांना रस्ता कळवणारी हॅचबॅक कोणीही पुन्हा बनवू शकत नाही. म्हणून मागणी टिकून आहे. पण पिढी बदलते तशी आवडही बदलते. आज तिशी-चाळिशीतल्या लोकांना 1990 आणि 2000 च्या दशकांतल्या सुबारू इम्प्रेझा, मित्सुबिशी इव्होल्यूशन, होंडा टाइप आर हव्या आहेत. 1990 च्या सुमारास जुन्या गाड्यांचा बाजार असाच फुगला होता आणि आपटला होता. महासाथीच्या काळात चढलेले भावही पुढे बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत उतरले.

आणखी एक उदाहरण 'मर्यादित आवृत्ती' या शब्दांना भुलणाऱ्यांसाठी. 1993 ची 'रेनो क्लिओ विल्यम्स' ही गाडी क्रमांकाची पट्टी लावून मोजक्याच संख्येत विकली गेली. खप पाहून रेनोने पुढे दुसरी आणि तिसरी आवृत्ती काढली, पहिले मालक संतापले. गाडी अप्रतिमच आहे आणि आज तिला मान आहे तो तिच्या चालण्यामुळे.

तेव्हा उत्तर असं, की भाव वाढण्यासाठी गाडी ठेवू नका. जागा, विमा, देखभाल, बेल्ट, टायर यांत दरवर्षी पैसा जातो आणि तो वाढीतून भरून निघेलच याची हमी नाही. ठेवायची तर कोणीतरी चालवणार असेल तरच ठेवा. उभी गाडी आतून मरत जाते. सील सुकतात, ब्रेक धरतात, टाकी गंजते. तुम्ही लिहिलंय की तुम्हाला गाड्यांतलं कळत नाही. ते शिकता येतं. पण चालवायची इच्छा आहे का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळं त्यावर आहे. क्लबच्या एखाद्या मेळाव्याला जा, कोणाच्या तरी चालत्या 205 मध्ये शेजारी बसून दहा मिनिटं फिरून या. परत येताना मनात 'मला ही चालवायचीय' असं आलं तर ठेवा. नुसतं 'बाबांची आहे' एवढंच आलं, तर बाबांच्या आठवणीसाठी एक फोटो, किल्लीची कडी, त्यांनी लावलेलं ते स्टिअरिंग पुरेसं आहे. गाडी अशा माणसाला द्या जो तिच्यासाठी पहाटे उठेल. त्यात बाबांचा काहीही अवमान नाही.

दादाशी भांडू नका. त्याचं म्हणणं व्यवहाराचं आहे आणि अर्धा वाटा त्याचाही असू शकतो. आधी वारसाहक्काचे कागद पूर्ण करा. तोवर गाडी कायद्याने कोणाच्या नावावर आहे हेच नक्की नसतं आणि विकणाराही अडचणीत येतो, घेणाराही. मग त्रयस्थाने केलेलं मूल्यांकन समोर ठेवून बसा. तुम्हाला ठेवायची असेल तर त्याचा वाटा रोख द्या आणि पुढचा सगळा खर्च तुमचा, हे लिहून घ्या. 'दोघांची मिळून राहू दे' हे ऐकायला गोड वाटतं, पण पहिलं मोठं बिल आलं की त्यातूनच कडवटपणा येतो. आईंना निर्णयात ओढू नका, मात्र ठरल्यावर बाहेरच्या कोणाआधी त्यांना सांगा.

दुरुस्तीचं ठरलंच, तर चालण्यापुरती आणि सुरक्षिततेपुरती करा. बेल्ट, ब्रेक, टायर, इंधनाच्या नळ्या. काढलेला प्रत्येक जुना भाग डब्यात घालून, चिठ्ठी लावून ठेवा. या गाड्यांच्या यंत्राचे भाग अजून मिळतात. आतल्या कापडाचे, प्लास्टिकचे, पट्ट्यांचे मूळ भाग मात्र शोधावे लागतात. काही कंपन्यांनी आपल्या जुन्या गाड्यांचे भाग पुन्हा काढायला सुरुवात केली आहे, प्यूजोचा वारसा विभागही त्यांत आहे, पण सगळंच मिळेल असं धरू नका. गाडीतला लाल गालिचा जीर्ण झाला असेल तर तो तसाच राहू द्या.

आणि त्या गृहस्थांना आजच फोन करून एवढंच सांगा : वारसाचे कागद झाल्याशिवाय आम्ही विकू शकत नाही, मूल्यांकन चालू आहे, तुमचा आकडा लेखी पाठवा, विकायची ठरली तर इतरांबरोबर तुम्हालाही कळवू. लेखी आकडा आला नाही, तर त्यांची रोख रक्कम योग्य होती का याचं उत्तर तुम्हाला मिळालंच.